पाणी इथवर येत नाही

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण सांगलीच्या पुरात उलटी पडते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूरपट्ट्यातल्या कितीतरी घरांचा भरवसा एकाच वाक्यावर होता: "2005 ला पाणी इथवर आलं नव्हतं." वाक्य खरं होतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे पुराची पातळी मोजतात, 2005 साली पाणी साधारण 54 फुटांवर थांबलं होतं. 2019 ला ते 57 फुटांच्या वर गेलं. वरचे तीन फूट म्हणजे उभ्या माणसाची कंबर.

अशा माणसांना मूर्ख म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि चूकही. रॉबर्ट केट्स या अमेरिकी भूगोलतज्ज्ञानं 1962 साली पूरमैदानात राहणाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यात हेच दिसलं: माणूस तयारी करतो ती स्वतः पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराएवढीच. अनुभव शहाणं करतो, पण तोच कल्पनेची मर्यादाही होऊन बसतो. त्यात कृष्णेचं पाणी लोंढ्यासारखं अंगावर येत नाही. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबावाडीला पंचगंगा, आणि नदीला उतार फारसा नाही. त्यामुळे पाणी मागे फुगत येतं, तासाला काही इंच. दारातल्या पायरीवर खडूनं रेघ मारायची, अर्ध्या तासानं बघायची, दोन बोटं वाढलेली दिसायची. दोन बोटांसाठी कोण घर सोडतं?

खरी गोम मात्र गल्लीत असते. 1968 साली जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी एका खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटी बसलेली चारांपैकी तीन माणसं उठून सांगायला गेली. मग शेजारी दोन साथीदार बसवले. त्यांना आधीच सांगितलं होतं, की धुराकडे बघायचं, खांदे उडवायचे आणि लिहीत राहायचं. आता दहांतला एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, हातानं धूर बाजूला सारत फॉर्म भरत राहिले. नंतर विचारलं, तर कोणी म्हणालं ती वाफ असेल, कोणी म्हणालं एसीचं काहीतरी असेल. शेजारी घाबरले नाहीत म्हणून खोलीतल्या धुराला त्यांनी दुसरं नाव दिलं.

पुरात नेमकं हेच होतं. समोरचे काका गॅलरीत निवांत उभे, म्हणून आपण थांबतो. आणि काका थांबलेले असतात आपल्या घरातला दिवा बघून. प्रत्येक जण आतून धास्तावलेला, पण चेहरा शांत ठेवलेला. अशा वेळी एक कुटुंब जरी सामान रिक्षात टाकताना दिसलं, तरी गल्लीचा नूर बदलतो. म्हणून ज्याला निघायचं आहे त्यानं गुपचूप निघू नये. चार दारं वाजवून, "आम्ही मिरजेला चाललोय, आजींना घेऊन तुम्हीही निघा," असं सांगून निघावं.

ऐन पुरात डोकं चालवायचं नाही. ते काम मे महिन्यात करायचं. आयर्विन पुलावर 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. आपल्या घराचा आकडा मात्र वेगळा असतो आणि तो घरानंच काढायचा. मागच्या पुरात कुठल्या तारखेला, पुलावर किती फूट असताना, पाणी कुठे टेकलं, हे जुन्या भाडेकरूंना, दुकानदारांना विचारून वहीत लिहायचं. इथे एक चूक हमखास होते: लोक उंबऱ्याचा आकडा काढतात. काढायचा तो बाहेर पडायच्या रस्त्यातल्या सर्वांत सखल जागेचा. जोतं चार फूट उंच, पण गल्लीचं तोंड खोलगट असेल, तर घर कोरडं असतानाच माणूस अडकतो. मग वीज बंद होते, मोबाइल उतरतो आणि बोटीची वाट बघावी लागते.

समजा तो रस्ता 46 फुटांना बुडतो. वारणेचं पाणी आणि खालची फूग दर वर्षी सारखी नसते, म्हणून एक फूट सोडायचा: 45. पाणी तासाला 3 इंच चढत असेल, तर फूटभर चढायला चार तास लागतात. म्हातारी माणसं, जनावरं, दुकानातला माल हलवायला 12 तास हवे असतील, तर तीन फूट आधी, म्हणजे 42 ला हलायचं. वेग काढताना एका तासाचा आकडा धरू नये, तीन तासांची सरासरी धरावी. वेग वाढला तर निघायचा आकडा आणखी खाली येतो.

हे वाक्य 'जर-तर' असंच लिहायचं: "पुलावर 42 झाले, की आजी आणि मुलं मिरजेला, कागदपत्रांची पिशवी सूनबाईंकडे, गॅसचा कॉक आणि मेन स्विच दादा बंद करणार." पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलंय, की नुसत्या "वेळ आली की निघू" अशा निश्चयापेक्षा अशी बांधलेली योजना माणसं कितीतरी जास्त पाळतात. कागद फ्रिजच्या दारावर लावायचा. आणि रात्री अकराला पुलावर 41 असतील, तर 42 ची वाट न बघता उजेड असलेल्या रस्त्यानं लगेच निघायचं, कारण उरलेला फूट झोपेत चढतो.