अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंग: प्रवेश दोनदा घ्यावा लागतो

एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डावर अमेरिकेत आलेल्या, हातात भारतातली बी.एस्सी. किंवा बी.कॉम. असलेल्या बऱ्याच मराठी बायका काही वर्षांनी कम्युनिटी कॉलेजची (दोन वर्षांचे अभ्यासक्रम शिकवणारं स्थानिक सरकारी कॉलेज) चौकशी करू लागतात. दोन-अडीच वर्षांत रजिस्टर्ड नर्स होता येतं, फी विद्यापीठांपेक्षा खूप कमी आणि कॉलेज घराजवळ. तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, फक्त ती दोन-अडीच वर्षं नर्सिंगच्या वर्गात बसल्यापासून मोजायची. घोटाळा होतो तो 'ॲडमिशन' या शब्दावरून. कॉलेजचं दार जवळजवळ सगळ्यांना उघडं असतं. फॉर्म भरला की आठवड्याभरात विद्यार्थी क्रमांक हातात पडतो. नर्सिंगच्या वर्गाचं दार मात्र वेगळं आहे. तिथे जागा मोजक्या, अर्ज वेगळा, तारीखही वेगळी. एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात किंवा ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेजात नाव लागलं म्हणून कुणी नर्सिंगला लागत नाही.

हा दोन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या कल्पनेतून १९५२ साली प्रयोग म्हणून सुरू झाला. त्याला 'असोसिएट डिग्री इन नर्सिंग' म्हणतात, बोलताना एडीएन. तो पूर्ण केला की बी.एस.एन. (चार वर्षांची नर्सिंगची पदवी) झालेले देतात तीच एनसीएलईएक्स-आरएन ही परवाना परीक्षा देता येते आणि परवानाही तोच मिळतो. पुढे नोकरी करता करता ऑनलाइन बी.एस.एन. करणारे पुष्कळ आहेत.

पात्रतेचा पाया म्हणजे प्रीरिक्विझिट, म्हणजे पूर्वअट म्हणून लागणारे विषय: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, बहुतेक ठिकाणी स्टॅटिस्टिक्स किंवा केमिस्ट्री. ह्यांतले काही विषय आधी पूर्ण करावे लागतात, काही नर्सिंगबरोबर चालतात. हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. विज्ञानाच्या विषयांना बऱ्याच ठिकाणी मुदत असते, पाच किंवा सात वर्षांची. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी पुण्यात झालेलं झूलॉजी, अगदी बी.ए.एम.एस.मधलं शारीर (ॲनाटॉमी)सुद्धा, क्रेडिट म्हणून धरलं जाईलच असं नाही. वाईट वाटतं, पण हुज्जत घालण्यापेक्षा तो विषय पुन्हा घेऊन 'ए' मिळवणं फायद्याचं, कारण निवड बहुधा गुणांवर होते. प्रवेशपरीक्षा बहुधा टीईएएस असते (मराठीत आपण सरळ 'टीज' म्हणतो): वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी मिळून १७० प्रश्न, २०९ मिनिटं. काही कॉलेजं तिच्याऐवजी हेसी घेतात.

आता कागदपत्रं. खरा वेळ इथेच जातो.

भारतातल्या पदवीचं मूल्यांकन डब्ल्यूईएस किंवा ईसीईसारख्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. मागताना 'कोर्स-बाय-कोर्स' अहवाल मागा. नुसती पदवीची समकक्षता सांगणारा स्वस्त अहवाल क्रेडिटसाठी उपयोगाचा नाही. कोर्स-बाय-कोर्स अहवालासाठी विद्यापीठाने स्वतः सीलबंद पाकिटात किंवा ऑनलाइन पाठवलेली ट्रान्सक्रिप्ट लागते. तुमच्याकडच्या गुणपत्रिकांची अटेस्टेड झेरॉक्स कितीही नीट असली तरी चालत नाही. भावाला किंवा सासऱ्यांना प्राधिकारपत्र देऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पाठवा; हे काम सुट्टीत भारतात जाल तेव्हावर ढकलू नका.

आणि नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर मधलं नाव वडिलांचं आणि आडनाव माहेरचं, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. काही घरांत तर पहिलं नावही बदललेलं. अमेरिकन क्लार्कच्या दृष्टीने ह्या दोन वेगळ्या बायका असतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र इंग्रजीत हवं. मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंदही. मूल्यांकन, कॉलेज, टीज आणि पुढे परवाना, सगळीकडे पासपोर्टवरचं नाव एकाच स्पेलिंगने लिहा.

फीसाठी रहिवासाचा पुरावा लागतो: भाडेकरार, वीजबिल, ड्रायव्हिंग लायसन्स, कर विवरण. कॅलिफोर्नियात रहिवाशाला एका युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. रहिवासी ठरायला तिथे वर्षाहून अधिक वास्तव्य दाखवावं लागतं, आणि एच-४वर असलेल्यांनाही हा मार्ग खुला आहे. न्यू जर्सीत काउंटीवरही (जिल्ह्यावरही) फी बदलते. तुमच्या काउंटीच्या कॉलेजात तो अभ्यासक्रम नसेल तर 'चार्जबॅक'ची (दुसऱ्या काउंटीतल्या कॉलेजच्या जादा फीचा भार तुमच्या काउंटीने उचलण्याची सोय) चौकशी करा. एफएएफएसए हा अर्ज भरून मिळणारी सरकारी मदत ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांसाठी आहे, एच-४साठी नाही. ग्रीन कार्ड असलं तरी पेल ग्रँटची (परत न करावी लागणारी सरकारी मदत) आशा धरू नका: भारतातली बी.कॉम.सुद्धा पदवीच, आणि पदवीधराला ती मिळत नाही. कर्ज मिळू शकतं.

जागा मिळाली की हॉस्पिटलमधल्या क्लिनिकलसाठी (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी) दुसरी फाइल सुरू होते: पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) प्रमाणपत्र, लसी. (गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी ड्रग टेस्टला तो चालत नाही.) लहानपणीचं लसीकरण कार्ड कुणाकडे असतं? ते शोधत बसू नका. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांसाठी रक्तातली टायटर तपासणी (प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी) करा. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस सहा महिने घेतात, तेव्हा ते अर्ज करतानाच सुरू केलेले बरे. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे क्षयाची त्वचेवरची चाचणी फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. आयजीआरए ही रक्तचाचणी मागून घ्या. उगाच एक्स-रेची वारी टळते.

एच-४वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. नोकरीला लागते, आणि एच-४ ईएडी (नोकरीची परवानगी) साधारणपणे नवऱ्याचा आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढल्यावरच मिळते. ईएडीशिवाय सोशल सिक्युरिटी नंबर नसतो आणि परवान्याच्या अर्जात तो विचारतात. कॅलिफोर्नियाचं नर्सिंग बोर्ड त्याऐवजी आयटीआयएन (कर भरण्यासाठीचा क्रमांक) स्वीकारतं. इतर राज्यांच्या बोर्डाला पहिल्या सेमिस्टरच्या आधीच ईमेल करून विचारा.

रेडिओग्राफी, डेंटल हायजीन, रेस्पिरेटरी थेरपी ह्यांचीही वाट जवळपास हीच. फक्त अभ्यासक्रमाची मान्यता तपासा: रेडिओग्राफीला जेआरसीईआरटी, डेंटल हायजीनला सीओडीए, रेस्पिरेटरीला कोआर्क, नर्सिंगला बहुधा एसीईएन.

तुम्ही भारतात जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलेलं असेल, तर ह्या रांगेत उभ्या राहू नका. तुमच्यासाठी आधी परदेशी नर्सिंग शिक्षणाचं मूल्यांकन आणि मग थेट एनसीएलईएक्स हा रस्ता आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडची नोंदणी चालू आहे ना, तेवढं पाहून ठेवा.