टाकीचे घाव आणि उंदराचे चाक

दहावी-बारावीचे निकाल लागले, की घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर गरुडाची एक गोष्ट हमखास फिरू लागते. चाळिशीला पोहोचलेल्या गरुडाची चोच वाकते, नख्या निकामी होतात, पिसे जड होतात. मग तो उंच कड्यावर जाऊन चोच खडकावर आपटून तोडून टाकतो, नवी चोच आली की तिने जुन्या नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसे उपटतो, आणि १५० दिवसांच्या या यातना सोसून आणखी ३० वर्षे जगतो. यंदा ही गोष्ट मला एकाच दिवसात चार जणांनी पाठवली, त्यांत एक जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक होते, म्हणून हा लेख.

गरुडाची चोच म्हणजे हाडाचा गाभा आणि त्यावर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांमध्ये असते त्याच प्रथिनाचे, आवरण. हे आवरण सतत वाढते आणि वापराने सतत झिजते. चोच गाभ्यासकट तुटली तर पक्ष्याला भक्ष्य फाडता येत नाही आणि तो उपाशी मरतो. पिसे तर दरवर्षी थोडीथोडी गळून नवी येतच असतात. ती उपटावी लागत नाहीत. राहिले सत्तर वर्षांचे आयुष्य. अमेरिकेत पायात वाळे घालून नोंद ठेवलेल्या बाल्ड ईगल जातीच्या गरुडांपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरलेला पक्षी २०१५मध्ये न्यूयॉर्क राज्यात मोटारीच्या धडकेने मेला, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

गोष्ट खोटी असली तरी तिच्यातला बोध खरा आहे, असे उत्तर मला मिळाले, आणि त्याला जोड म्हणून आपली जुनी म्हणही मिळाली : टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. म्हण सुंदर आहे, परंतु घाव घालताना फुटलेल्या दगडांची देवळे बांधली जात नाहीत, ते खाणीतच पडून राहतात, आणि आपण मोजतो ते फक्त गाभाऱ्यातले दगड. शिवाय दगड स्वतः काहीच करत नाही. या दुसऱ्या मुद्द्यातच सगळी मेख आहे, असे गेल्या पन्नास वर्षांतले मेंदूविज्ञान सांगते.

मी नऊ वर्षांचा असताना मामांनी मला पोहायला शिकवण्याचे मनावर घेतले. त्यांची पद्धत सरळ होती. त्यांनी मला विहिरीच्या कठड्यावरून खाली ढकलले आणि वरून ‘हातपाय मार, हातपाय मार’ असे ओरडत राहिले. मी दोनदा खाली गेलो, तिसऱ्यांदा कोणीतरी केसांना धरून मला पायरीवर ओढले. हाच प्रयोग लागोपाठ चार दिवस झाला आणि पाचव्या दिवशी मी विहिरीकडे जाणेच सोडले. माझा मामेभाऊ त्याच उन्हाळ्यात, त्याच विहिरीत, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकला. पाणी तोही माझ्याइतकेच प्यायला. दोन पोरांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण ज्या प्रयोगाविषयी मला सांगायचे आहे, त्याची मांडणी जवळजवळ अशीच आहे.

१९६७मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज असा प्रयोग करायला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. कुत्र्यांच्या एका गटाला विजेचे झटके बसत, पण डोक्याने शेजारची फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटातील कुत्र्यांना पहिल्या गटाला सरासरी जेवढा वेळ झटका बसे तेवढाच वेळ झटका बसत असे, मात्र त्यांच्या फळीचा काहीही उपयोग नव्हता. तिसऱ्या गटाला झटके बसलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सर्वांना अशा पेटीत ठेवले, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की झटका टळत असे. पहिल्या आणि तिसऱ्या गटातील कुत्री ते पटकन शिकली. दुसऱ्या गटातील आठांपैकी सहा कुत्री मात्र बहुतेक वेळा तिथेच बसून झटके सोसत राहिली. पहिल्या दोन्ही गटांना मिळालेली वेदना सारखीच होती आणि फरक होता तो फळीचा. ‘आपण काहीही केले तरी फरक पडत नाही’ हे कुत्री शिकली, असा अर्थ लावून संशोधकांनी या अवस्थेला ‘शिकलेली असहायता’ म्हटले, आणि पुढे नैराश्यावरील प्रत्येक पाठ्यपुस्तकात ती कल्पना जाऊन बसली.

सेलिग्मन नंतर माणसांच्या मानसशास्त्राकडे वळले. मायर मात्र मेंदूविज्ञान शिकले आणि कोलोरॅडो विद्यापीठात त्यांनी हाच प्रश्न उंदरांवर, पेशींच्या पातळीवर, पुन्हा सोडवायला घेतला. त्यांची पेटी डोळ्यांसमोर आणावी : उंदीर मावेल एवढीशी जागा, समोरच्या भिंतीत एक लहान चाक, मागच्या बाजूने बाहेर काढलेली शेपटी आणि तिला चिकटपट्टीने लावलेल्या तारा. सुमारे मिनिटाला एक, असे एकूण १०० झटके. उंदराने पुढच्या पायांनी चाक फिरवले की झटका थांबतो. शेजारच्या पेटीत दुसरा उंदीर असतो. त्याच्याही पुढ्यात चाक असते, पण ते कशालाच जोडलेले नसते.

आता मेंदूत काय घडते ते पाहू, आणि येथे वाचकाने थोडा धीर धरावा. मेंदूच्या बुंध्यात, म्हणजे मेंदूस्तंभात, ‘डॉर्सल राफे’ नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. या पेशी सेरोटोनिन बनवतात आणि आपले लांबलचक तंतू मेंदूभर पसरवून ते पोहोचवतात. सेरोटोनिन म्हणजे ‘आनंदाचे रसायन’ असे मासिकांच्या आरोग्य-पुरवण्यांत नेहमी वाचायला मिळते. येथे मात्र त्याचे काम अगदी वेगळे आहे. निरुपयोगी चाकाच्या उंदरात या पेशी प्रचंड प्रमाणात उद्दीपित होतात. त्यांचे सेरोटोनिन भीतीशी संबंधित अमिग्डाला या भागात पोहोचले की भीती वाढते, आणि पळण्या-झगडण्याच्या हालचाली चालवणाऱ्या भागात पोहोचले की त्या हालचाली दबतात. भर म्हणजे या पेशींना स्वतःला आवर घालणारी जी व्यवस्था असते तीही काही दिवस बोथट होते, त्यामुळे पुढचा किरकोळ ताणसुद्धा त्यांना भडकवतो.

हे जुन्या कल्पनेशी जुळणारे होते : असहायता ‘शिकली’ की डॉर्सल राफे पेटते. अडचण एवढीच, की मेंदूस्तंभातल्या या मूठभर पेशींना चाकाचा उपयोग होतो की नाही हे कळण्याचा काही मार्गच नाही. त्यांना ती बातमी वरून यायला हवी. या पुंजक्याला मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, जे तंतू येतात, ते जवळजवळ सगळे कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाच्या मधल्या पट्ट्यातून येतात. गंमत पुढेच आहे. हे तंतू सेरोटोनिनच्या पेशींना चेतवत नाहीत. ते त्यांच्या शेजारच्या ‘गाबा’ या रसायनाच्या पेशींना चेतवतात, आणि गाबाच्या पेशी सेरोटोनिनच्या पेशींना गप्प करतात. याचा अर्थ वरून येणारा संदेश ‘आता हताश हो’ असा नसून ‘थांब, आपल्या हातात काहीतरी आहे’ असा असतो.

हे केवळ तंतूंच्या नकाशावरून मांडलेले अनुमान नाही. मायर यांच्या प्रयोगशाळेने २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांचे चाक चालत होते अशा उंदरांच्या प्रीफ्रंटल भागाला मस्किमॉल नावाच्या औषधाने काही काळ बंद ठेवले. उंदरांनी चाक फिरवले, झटके थांबवले, अगदी नेहमीसारखे; पण नंतरच्या परीक्षेत ते निरुपयोगी चाकाच्या उंदरांइतकेच निपचित राहिले. म्हणजे सुटका प्रत्यक्ष होऊनही ‘सुटका माझ्यामुळे झाली’ याची मेंदूने दखल घेतली नाही, तर तिचा पुढे लाभ मिळत नाही. याच्या उलट, चाक निरुपयोगी असलेल्या उंदरांचा तोच भाग पिक्रोटॉक्सिन या दुसऱ्या औषधाने कृत्रिमरीत्या जागा केला, तेव्हा तेवढेच झटके खाऊनही ते पुढे असहाय झाले नाहीत.

२०१६मध्ये मायर आणि सेलिग्मन यांनी एकत्र लेख लिहून आपला पन्नास वर्षांचा सिद्धांत उलटा करून मांडला. दीर्घकाळ चालणाऱ्या त्रासाला निपचित होणे ही शिकलेली गोष्ट नसून मेंदूची जन्मजात, ठरलेली प्रतिक्रिया आहे, आणि जे शिकावे लागते ते नियंत्रण. स्वतःच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सिद्धांताविषयी हे लिहायला जे लागते, त्याला मी खरे वैज्ञानिक धैर्य म्हणेन.

आता ज्याला आपण कणखरपणा म्हणतो, त्याच्याशी याचा थेट संबंध येतो. ज्या उंदरांना आधी चालणारे चाक मिळाले होते, त्यांना काही दिवसांनी निरुपयोगी चाकाच्या पेटीत ठेवले तरी ते असहाय झाले नाहीत. जणू लस टोचली होती. ही लस प्रीफ्रंटल भागातच साठते, कारण पहिल्या अनुभवानंतर त्या भागात नवी प्रथिने तयार होणे औषधाने रोखले, तर संरक्षण मिळत नाही. आणि नवी प्रथिने लागणे ही टिकाऊ स्मृतीची खूण आहे. विजेच्या झटक्यांच्या बाबतीत मिळालेले हे संरक्षण दांडग्या उंदराकडून मार खाण्यासारख्या वेगळ्याच ताणातही उपयोगी पडले. पौगंडावस्थेत नियंत्रणाचा अनुभव घेतलेल्या उंदरांना ते प्रौढपणीही पुरले.

माणसांच्या शेपटीला तारा लावता येत नाहीत. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२मध्ये मांडलेल्या प्रयोगांत माणसांना कर्कश, अनियमित आवाज ऐकवला आणि काहींना सांगितले, की अगदी असह्य झाले तर हे बटण दाबा, पण शक्यतो दाबू नका. बटण कोणी दाबले नाही. आवाज सर्वांनी सारखाच ऐकला. तरीही नंतर दिलेल्या न सुटणाऱ्या कोड्यांशी बटणवाल्यांनी कितीतरी अधिक वेळा झुंज दिली आणि मुद्रितशोधनात त्यांच्या चुकाही कमी झाल्या. गणपतीत रात्री खिडकीची काच हलवणारा ध्वनिक्षेपक आपल्या मंडळाचा असला की कमी त्रास का होतो, याचे हे एक उत्तर असू शकेल, मात्र हे माझे अनुमान आहे.

मोठ्या पाहण्यांतून चित्र इतके स्वच्छ दिसत नाही. मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये २,३९८ अमेरिकनांची माहिती तपासली, तेव्हा आयुष्यात थोड्या आपत्ती आलेल्यांचे मानसिक स्वास्थ्य, अजिबात आपत्ती न आलेल्यांपेक्षाही चांगले आढळले. पण आपत्ती वाढत गेल्या तसे ते ढासळत गेले. ‘त्या संकटाने मला बदलून टाकले’ हे विधानही जपून घ्यावे लागते. पॅट्रिशिया फ्रेझियर यांच्या गटाने २००९मध्ये विद्यार्थ्यांची आघाताच्या आधी आणि नंतरही मोजणी केली. त्यांना वाटलेली वाढ आणि मोजलेला बदल यांचा बहुतांश बाबींत मेळ बसला नाही. ते खोटे बोलत होते असे नाही. आपण भूतकाळातल्या स्वतःला थोडे कमी लेखतो, एवढेच.

येथे साडेसातीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण ‘शनी माणसाला घडवतो’ हे वाक्य याच संदर्भात ऐकवले जाते. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींपैकी तीन राशींना कोणत्याही क्षणी साडेसाती असते. म्हणजे या घडीला देशातली साधारण पाव लोकसंख्या, तीस कोटींहून अधिक माणसे, घडवली जात आहेत. त्यांच्या पुढ्यात चाक आहे का, आणि असल्यास ते कशाला जोडलेले आहे, हे कोणतेही पंचांग सांगत नाही. ‘दुःख सोसा, तेच तुम्हाला मोठे करील’ असे कर्जबाजारी शेतकऱ्याला किंवा सासरी मार खाणाऱ्या मुलीला सांगणारे वक्ते तरी कुठे सांगतात?

मामेभावाच्या पाठीवरच्या डब्याकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. डबा त्याला पोहवत नव्हता, बुडू देत नव्हता इतकेच. पाय मारला की समोरची पायरी वीतभर जवळ येई आणि थांबला की येत नसे, हे त्याला दर खेपेला दिसत होते. माझ्या बाबतीत मी हातपाय मारले काय आणि न मारले काय, शेवटी केसांना धरूनच बाहेर निघायचे होते. मी पोहायला शिकलो तो छत्तिसाव्या वर्षी, नगरपालिकेच्या तलावात, कमरेइतक्या पाण्यात. पहिला आठवडाभर प्रशिक्षकांनी मला फक्त कडेचा दांडा धरून तोंड पाण्यात घालायला आणि श्वास सोडायला लावले. तोंड बाहेर केव्हा काढायचे, ते मी ठरवायचे होते.