रंग न लावलेली पानं

गेल्या महिन्यात माझी गिटार पूर्ण झाली. बॉडी महोगनीची, नेक मेपलचा आणि नेकवरची पट्टी, म्हणजे फ्रेटबोर्ड, शिसवीचा. त्या काळपट पट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेल जडवली आहे. देठ पितळी तारेचा, पानं मोत्याच्या शिंपल्याची. घरी येणारा प्रत्येक जण वेलीवरून बोट फिरवतो आणि विचारतो, "रंग कुठला लावलास?" एका मित्राने तर गाड्यांना मारतात तो मेटॅलिक रंगच असणार, असं ठासून सांगितलं.

या पानांना कुणी रंग लावलेला नाही. बाराव्या फ्रेटजवळचं (फ्रेट म्हणजे पट्टीवर आडवी बसवलेली धातूची बारीक कांब) पान समोरून नारिंगी दिसतं आणि गिटार कलती केली की हिरवं होतं, पण त्यात नारिंगी रंगद्रव्य नाही आणि हिरवंही नाही. तेच पान खलबत्त्यात कुटलं तर हातात पांढरी भुकटी येईल. मग ते रंग राहतात कुठे? हा प्रश्न मला वेल कोरण्याइतकाच आवडला, म्हणून हा लेख.

आधी गिटारचं थोडक्यात. फ्रेट कुठे बसवायच्या हे गणित ठरवतं. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की शेजारच्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर २ चं बारावं मूळ, म्हणजे १.०५९४६ येतं. माझ्या गिटारच्या तारेची लांबी ६४७.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच. तिला या गुणोत्तरातून निघणाऱ्या १७.८१७ या आकड्याने भागलं की ३६.३५ येतात, तेवढ्या अंतरावर पहिली फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, दुसरी फ्रेट. असं करत गेलं की बारावी बरोब्बर मध्यावर, ३२३.८५ मिलिमीटरवर पडते आणि तिथे दाबलेली तार वरच्या सप्तकात बोलते. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या, बाराव्या फ्रेटपाशी ज्या खुणा असतात त्या वादकाला जागा चटकन सापडावी म्हणून. जडावकामाची, गिटारवाल्यांच्या भाषेत इनलेची, सुरुवात त्या ठिपक्यांतून होते. हौस वाढली की ठिपक्यांची वेल होते.

माझी गिटार इलेक्ट्रिक, म्हणून आवाजाचं काम तारांखाली बसवलेल्या पिकअपकडे. चुंबकांभोवती केसाहून बारीक, ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे घेतलेले असतात. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांतलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हे प्रवर्तन आपण दहावीत शिकलो आहोत. पिकअपला पोलाद कळतं. लाकूड, पितळ, शिंपला यांची थरथर त्याला थेट ऐकूच येत नाही. म्हणूनच "खऱ्या शिंपल्याच्या इनलेने आवाज उजळतो" असली जाहिरात वाचली की मला राग येतो. माझ्या वेलीतलं सर्वांत मोठं पान ३० मिलिमीटर लांब, १५ रुंद आणि दीड मिलिमीटर जाड आहे. त्याचं वजन दोन ग्रॅमसुद्धा नाही, आणि त्याच्यासाठी कोरून काढलेल्या शिसवीचं वजन वजा केलं तर साडेतीन किलोच्या वाद्यात भर पडली जेमतेम सव्वा ग्रॅमची. बॉडीच्या लाकडाचा आवाजावर किती परिणाम होतो यावर खुशाल वाद घालावा. इनलेसाठी पैसे मोजायचे ते डोळ्यांच्या सुखासाठी आणि कारागिराच्या हातासाठी.

आता शिंपल्याकडे. शिंपल्याचा आतला चकाकता थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे चुनखडीचाच. वजनाच्या साधारण ९५ टक्के तेच. फरक आहे तो रचनेत. तो प्राणी या खनिजाच्या, ॲरागोनाइटच्या, बारीक बारीक फरश्या घडवतो आणि एकावर एक रचत जातो. एकेक फरशी पाच-दहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, त्याचाही हजारावा म्हणजे नॅनोमीटर) रुंद आणि अर्ध्या मायक्रॉनहून थोडी कमी जाड. दोन थरांमध्ये प्रथिनं आणि कायटिनचा पापुद्रा, काही दशक नॅनोमीटरांचा. कोकणातली जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत डोळ्यांसमोर आणा. चिरे खनिजाचे आणि दर्जा भरल्यात प्रथिनांनी. दीड मिलिमीटरच्या माझ्या पानात असे सुमारे चार हजार थर आहेत.

प्रकाश या चवडीवर पडला की प्रत्येक थरावरून त्याचा थोडासा भाग परत फिरतो. वरच्या थरावरून परतलेली लाट आणि त्याच्या खालच्या थरावरून परतलेली लाट यांच्या प्रवासात फरक पडतो, कारण दुसरीला थर पार करून जाऊन परत यावं लागतं. हा जादा प्रवास एखाद्या रंगाच्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असला, तर दोन्ही लाटांची शिखरं एकमेकांवर बसतात आणि तो रंग जोमाने बाहेर येतो. इतर रंगांच्या लाटा एकमेकींना खोडतात. हेच व्यतिकरण. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसणारे रंगही याच जातीचे, फक्त तिथे थर एक असतो आणि इथे हजारो. थर जितके जास्त, तितकी रंगाची निवड काटेकोर.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. जादा प्रवास म्हणजे थराची जाडी गुणिले दोन, गुणिले अपवर्तनांक, म्हणजे थरात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा. एका थराची पापुद्र्यासकट जाडी ३७० नॅनोमीटर आणि सरासरी अपवर्तनांक १.६५ धरला, तर गुणाकार १२२१ नॅनोमीटर येतो. याला १ ने भागलं तर १२२१, तो अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. २ ने भागलं तर ६१०, म्हणजे नारिंगी. ३ ने भागलं तर ४०७, जांभळ्याची अगदी कड, डोळ्यांना ती फार मंद. म्हणून पान नारिंगी. जाडी ३३० केली तर उत्तर ५४४ येतं, हिरवा. २९० केली तर ४७८, निळा. नारिंगी आणि हिरव्यात अंतर आहे ४० नॅनोमीटरचं, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण दोन हजारावा भाग. समुद्राच्या तळाशी बसलेला एक मऊ प्राणी एवढ्या अचूकतेने थर घालतो, हे मला अजूनही पुन्हा पुन्हा मोजून पाहावंसं वाटतं.

गिटार कलती केल्यावर काय होतं? इथे अनेकांची समजूत उलटी असते. प्रकाश तिरपा गेला म्हणजे त्याचा थरातला रस्ता लांबला, मग रंग तांबड्याकडे सरकायला हवा, असं वाटतं. पण हिशेब दोन लाटांमधल्या फरकाचा आहे. तिरप्या प्रकाशात वरच्या थरावरून परतलेली लाटही तेवढ्या वेळात बाहेर पुढे सरकलेली असते, आणि तो भाग वजा केला की फरक कमीच भरतो. सूत्रात अपवर्तनांकाच्या जागी त्याच्या वर्गातून आपतन कोनाच्या साइनचा वर्ग वजा करून काढलेलं वर्गमूळ येतं. ४५ अंशांसाठी ते १.४९ आहे. गुणाकार ११०३, त्याचा निम्मा ५५१. म्हणजे हिरवा. नारिंगी पान कलतं केल्यावर हिरवंच व्हायला हवं होतं, आणि तसंच होतं.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही. स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर, ज्यांनी पुढे शोभादर्शक बनवला, त्यांनी १८१४ मध्ये शिंपल्याचा एक तुकडा मेणात दाबला. शिंपला काढून घेतल्यावर मेणावरच तसे रंग दिसू लागले! शिंपल्याचा कणही मेणाला चिकटलेला नव्हता. त्यांनी डिंकावर ठसा घेतला, शिशावरही घेतला, रंग तिथेही आले. म्हणजे काही रंग पृष्ठभागाच्या आकारात होते. याचं कारण असं की घासून सपाट केलेला पृष्ठभाग थरांना क्वचितच समांतर असतो. तो थरांना तिरपा छेदतो आणि थरांच्या कडा उघड्या पडतात, डोंगरउतारावरच्या भातखाचरांच्या बांधांसारख्या. छेद पाच अंशांचा असेल तर दोन बांधांतलं अंतर साधारण ४.२ मायक्रॉन. सीडीवरच्या खाचांमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, म्हणजे हीसुद्धा तशाच घराण्यातली विवर्तन जाळी, जवळजवळच्या रेषांवरून प्रकाश पसरवून रंग वेगळे करणारी. पण काही रंग मेणात उतरत नव्हते, हेही ब्रूस्टर यांनी नोंदवलं. ते खालच्या चवडीतून येणारे, व्यतिकरणाचे.

चवडीतून परतणाऱ्या आणि कडांवरून विखुरणाऱ्या या प्रकाशाचा धागा १९३५ मध्ये बंगळुरूत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी पुन्हा हाती घेतला आणि चमकत्या शिंपल्यांवर निबंधमाला लिहिली. हेच रामन १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, लिहून गेले होते. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांनी गप्प बसायला हवं, तेही तंबोऱ्यात का गातात, हा त्यांचा प्रश्न. मिरजेच्या ज्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचा स्वर खुलवण्यासाठी जवारी काढणारा कारागीर घोडीच्या त्याच वक्रावर कानस फिरवत असतो. तार आणि शिंपला या दोन्हींवर जीव असलेला एक शास्त्रज्ञ आपल्याकडे होऊन गेला, याचा मला फार आनंद वाटतो.

मोती हा याच पदार्थाचा गोळा आहे, फक्त थर कांद्यासारखे गोल. चंद्र बिघडलाय म्हणून करंगळीत मोती घालायला सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्या खड्यात चुनखडी, थोडी प्रथिनं आणि थोडं पाणी आहे. मनःशांतीसाठी त्यातलं काहीही कातडीतून आत जात नाही. दागिना म्हणून मोती जरूर घालावा, तो सुंदरच असतो. भीती दाखवून विकला जातो तेव्हा मात्र ती फसवणूक असते.

हे सगळं स्वयंपाकघरातही पाहता येतं. शिनाणे आणि तिसऱ्या हे खायचे दोन शिंपले एकाच दिवशी आणा. शिनाण्याच्या कवचाला आतून निळसर-हिरवी झाक असते. तिसरी आतून चिनी मातीच्या बशीसारखी, कारण तिच्यात फरश्यांची चवड नाही, खनिजाच्या काड्या वेगळ्याच तऱ्हेने विणलेल्या असतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेले शिंपले तिसऱ्याच प्रकारचे. तिथेही कॅल्शियम कार्बोनेटच, पण कॅल्साइटच्या रूपात आणि वेगळ्या रचनेत. तो शिंपला प्रकाश आत सोडतो आणि मोत्याचे रंग उधळत नाही.

चिऱ्यांच्या भिंतीचा दुसरा फायदा मला करवत चालवताना कळला. शुद्ध ॲरागोनाइटची चकती इतक्या बारीक नक्षीत कापायला घेतली तर ती तडकून जाईल. शिंपल्यात मात्र तडा फरशीला वळसा घालून मऊ पापुद्र्यातून नागमोडी जातो आणि त्याची ताकद वाटेतच खर्ची पडते. सोनार वापरतात तसल्या बारीक पात्याच्या करवतीने मी कुयरीची टोकदार पानं कापली आणि बहात्तरांपैकी चारच मोडली. कापताना तुकडा ओला ठेवायचा आणि तोंडाला चांगला मास्क लावायचा, ही भुकटी फुप्फुसांना वाईट.

खरी कसोटी घासण्यात आहे. फ्रेटबोर्ड सपाट नसतो, माझ्याची गोलाई बारा इंच त्रिज्येची आहे. पट्टीच्या मध्यापासून २० मिलिमीटर दूर गेलं की पृष्ठभाग ०.६६ मिलिमीटर खाली उतरतो. सपाट चकती या वक्रात घासायची म्हणजे एका कडेला जवळजवळ अठराशे थर खरवडून काढायचे. तिथे बांध उघडे पडतात आणि पानाच्या कडेला रंगाच्या समोच्च रेषा उमटतात, नकाशातल्यासारख्या. पण ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचे कण ३५ मायक्रॉनचे असतात. त्यांचे ओरखडे ती चार मायक्रॉनांची जाळी पुसून टाकतात आणि पान दुधाळ, मेलेलं दिसतं. २००० नंबरपर्यंत, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंत, पायरीपायरीने उतरलं आणि शेवटी पॉलिशची पेस्ट फिरवली की रंग परत येतात. पुसायला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कधीही वापरू नका. आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि वरची जाळी फेसाबरोबर निघून जाते.

तुकडे बसवताना त्यांची दिशा जुळवावी लागते. थर ज्या बाजूला झुकलेले, त्या बाजूने प्रकाश आला की पान पेटतं. मी प्रत्येक तुकडा दिव्याखाली फिरवून मागे बाणाची खूण केली होती, तरी सातव्या फ्रेटजवळचं एक पान उलटं बसलं. इपॉक्सी गोंद सुकल्यावर ते लक्षात आलं. आता बसून वाजवताना नेक हळूहळू वर उचलला की वेल खालून वर पेटत जाते, ते एक पान काळोखात राहतं, आणि नेक पुन्हा खाली येऊ लागला की बाकीची विझतात तेव्हा ते एकटं हिरवं होतं.