पहिल्या टप्प्यातले 22 टक्के

अमायक्रेटिन या वजन उतरवणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचा आकडा जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाला: 36 आठवड्यांत 22 टक्के वजनघट. चाचणीत माणसं होती 125, तीही निरनिराळ्या डोसांच्या गटांत आणि प्लासिबोत (औषध नसलेल्या, दिसायला सारख्या इंजेक्शनात) वाटलेली. बातमीत मात्र 22 तेवढे उरले.

‘पहिला टप्पा’ म्हणजे एरवी मोजकी माणसं, एक डोस, मग ठरावीक तासांनी रक्ताचे नमुने. औषध अंगात किती वेळ टिकतं आणि माणसाला सोसतं का, एवढंच त्यात बघायचं. 2006 मध्ये लंडनमध्ये एका वेगळ्याच औषधाच्या अशा चाचणीत औषध टोचलेले सहाही स्वयंसेवक काही तासांत अत्यवस्थ झाले. तेव्हापासून आधी एकाला टोचून थांबायचं, मगच पुढच्याला, ही खबरदारी रूढ झाली.

अमायक्रेटिन ज्या GLP-1 वर्गातलं (भूक कमी करणाऱ्या आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या औषधांतलं), त्यातलं पहिलं औषध 2005 मध्ये आलं ते दिवसातून दोनदा टोचायचं. पुढची आठवडाभर टिकू लागली आणि चाचणीचं गणितच बदललं. याच वर्गातलं सेमाग्लुटाइड वजनासाठी 0.25 मिलीग्रॅमपासून दर चार आठवड्यांनी वाढवत 2.4 पर्यंत न्यावं लागतं, नाहीतर मळमळ-उलट्या सोसत नाहीत. असा डोस चढवायचा तर पहिला टप्पाही महिनोन्‌महिने चालणार, आणि तेवढ्यात वजन उतरलेलं दिसणारच. अमायक्रेटिनच्या चाचणीलाही ‘1ब/2अ’, म्हणजे पहिला आणि दुसरा टप्पा जोडलेलं, असं जोडनाव होतं.

खरा वाद आहे तो टक्के मोजण्याचा. सेमाग्लुटाइडच्या 2021 मधल्या 1961 जणांच्या चाचणीत, औषध मध्येच सोडणाऱ्यांनाही धरून 14.9 टक्के घट भरली. सगळ्यांनी ते नेमाने घेतलं असतं असं मानलं तर 16.9. टिर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या सर्वांत मोठ्या डोसचे असेच दोन आकडे, 20.9 आणि 22.5. अमायक्रेटिनचे 22 हे या दुसऱ्या, ‘घेतलं असतं तर’ हिशेबातले आहेत. ज्याला औषध सोसलं नाही, त्यालाही या हिशेबात ते सोसलं असं धरलं जातं. हा हिशेब खोटा नाही, पण मथळ्यात तो एकटाच छापणं मला मुळीच पटत नाही. रुग्ण विचारतो ते त्याच्या स्वतःबद्दल, आणि सोडणाऱ्यांत तोही असू शकतो.

सोडल्यावर काय होतं, तेही सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काही जणांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवलं तेव्हा कळलं: उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन-तृतीयांश परत आलं होतं.