५६के मोडेम आणि यूडीएमए ३३: दोन आकडे एका मापात आणताना

१९९८-९९च्या असेंबल्ड पीसीचं कोटेशन जुन्या फाइलीत सापडलं, तर त्यात दोन ओळी हमखास असतील: ‘यूडीएमए ३३ हार्ड डिस्क’ आणि ‘५६के फॅक्स मोडेम’. पहिली ओळ डिस्कच्या केबलच्या वेगाची, दुसरी फोनवरून इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमच्या वेगाची. नुसते आकडे पाहिले तर मोडेमने डिस्कला मागे टाकलं असं वाटेल. हिशेब केला की डिस्कचा वेग मोडेमच्या सुमारे पावणेपाच हजार पट निघतो.

मोडेमचे ५६के म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठने भागले की ७,००० बाइट. यूडीएमए ३३ मधले ३३ मुळातच मेगाबाइट आहेत, म्हणजे सेकंदाला ३ कोटी ३३ लाख बाइट. रोमन लिपीत बाइटसाठी मोठा ‘बी’ आणि बिटसाठी छोटा, असा संकेत आहे खरा, पण छापील पत्रकांत तो पाळला गेलाच असेल असं धरून चालू नये. त्यापेक्षा वस्तू कोणती ते पाहावं. फोनच्या तारेवरचा वेग बिटमध्ये असतो, हार्ड डिस्कच्या चपट्या केबलवरचा बाइटमध्ये.

असं का? फोनच्या तारेवरून बिट एकामागोमाग एक जातात, म्हणून तिथे बिटच मोजतात. आयडीई केबलमध्ये, म्हणजे हार्ड डिस्कच्या त्या चपट्या केबलमध्ये, डेटाच्या १६ तारा शेजारीशेजारी असतात, म्हणजे एका खेपेला २ बाइट. पीआयओ मोड ४ या यूडीएमएच्या आधीच्या पद्धतीत ही खेप १२० नॅनोसेकंदांत होते. २ बाइटना १२० नॅनोसेकंदांनी भागा, सेकंदाला १६.७ मेगाबाइट येतात. यूडीएमए ३३ मध्ये तेवढ्याच वेळात सिग्नलच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर डेटा जातो, म्हणून आकडा दुप्पट. डिस्क जोडण्याच्या स्कझी या दुसऱ्या पद्धतीच्या सुरुवातीच्या ८ बिटी रूपाचे ५ मेगाबाइटही असेच: एका वेळी १ बाइट, सेकंदाला ५० लाख वेळा.

हजार की १०२४, या वादात फार अडकू नये. मोडेमचा ‘के’ हजाराचाच, आणि केबलचे मेगाबाइटही घड्याळाच्या ठोक्यांवरून आलेले असल्याने दहा लाखांचेच. विंडोज मात्र १०२४ने भागतं, म्हणून ७,००० बाइटचे तिथे ६.८ केबी दिसतात. फरक अडीच टक्क्यांच्या आतला. बिट-बाइटची गल्लत आठ पटींची असते.

खरी गोम आठने भागायचं की दहाने, यात आहे. संगणकाच्या सिरीयल पोर्टमधून मोडेमकडे जाणाऱ्या प्रत्येक बाइटच्या पुढे एक स्टार्ट बिट आणि मागे एक स्टॉप बिट लागतो, म्हणजे एका बाइटचे १० बिट. जुने मोडेम हे जादा बिट फोनवरूनही तसेच पाठवत. व्ही.४२ ही चूक-दुरुस्ती आल्यावर मोडेम ते काढून टाकून डेटा गठ्ठ्यांनी पाठवू लागले. त्यामुळे २८,८००च्या मोडेमला दहाने भागलं तर २,८८० बाइट, आठने भागलं तर ३,६००, प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. फ्लॉपीभर डेटा, म्हणजे १४,७४,५६० बाइट, पहिल्या हिशेबाने ८ मिनिटं ३२ सेकंदांत उतरतो आणि दुसऱ्याने ६ मिनिटं ५० सेकंदांत. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा फोनचा मीटर चालू असताना हा पावणेदोन मिनिटांचा फरक क्षुल्लक नव्हता.

आणखी एक फसवा आकडा म्हणजे १,१५,२००. विंडोज ९५वर डायल-अप जोडलं की काही मोडेम हाच वेग दाखवत आणि लोक खूश होत. तो फोन लाइनचा नव्हे, संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या पोर्टचा वेग. २८,८००ची चौपट बरोबर १,१५,२०० होते. व्ही.४२बिस या डेटा आवळण्याच्या पद्धतीत (कॉम्प्रेशनमध्ये) चौपटीपर्यंतचा दावा असे, तेवढी वाट पोर्टवर मोकळी ठेवलेली. साध्या मजकुराला त्याचा थोडाफार फायदा होई. झिप फाइल आधीच आवळलेली, तिला काहीच नाही.

फ्लॉपी मात्र मघाच्या नियमात बसत नाही. ती स्टोरेजची वस्तू असूनही तिच्या कंट्रोलरचा वेग बिटमध्येच सांगतात: सेकंदाला ५ लाख. आठने भागून ६२,५०० बाइट लिहिले तरी चुकतं. एका ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येकात ५१२ बाइट, म्हणजे ९,२१६. डिस्क मिनिटाला ३०० वेळा फिरते, सेकंदाला ५. गुणाकार ४६,०८०. उरलेली जागा सेक्टरचे पत्ते, मधल्या फटी आणि तपासणीचे आकडे खातात. दोन्ही बाजूंचे मिळून १६० ट्रॅक, म्हणजे अख्खी फ्लॉपी वाचायला किमान ३२ सेकंद. हेड सरकायला लागणारा वेळ वेगळा.

बॉडचं थोडक्यात: बॉड म्हणजे सेकंदाला बदलणारे सिग्नल. ३००च्या मोडेममध्ये बॉड आणि बिट सारखेच होते. १४,४००च्या मोडेममध्ये बॉड २,४००च, पण प्रत्येक सिग्नलमागे डेटाचे ६ बिट. तेव्हा ‘१४,४०० बॉड’ कुठे लिहिलेलं दिसलं तर बिट समजून वाचावं.

रूपांतर बरोबर आलं तरी दोन्ही आकडे कमाल मर्यादेचेच. ५६के फक्त उतरवण्याच्या दिशेला, व्ही.९० या ५६के मोडेमच्या मानकात चढवण्याचा वेग ३३.६केच्या वर जात नाही, आणि अमेरिकेत तर नियमामुळे उतरवणंही ५३.३केवर अडायचं. डिस्कचे ३३ हा केबलचा आकडा. त्या काळच्या बहुतेक डिस्कच्या तबकड्यांवरून एवढा डेटा सलग निघतच नसे.

नंतर आलेल्या साटा या हार्ड डिस्कच्या जोडणीचा वेगही बिटमध्ये सांगतात: पहिल्या साटाचा १.५ गिगाबिट. तिथे प्रत्येक बाइट १० बिटांत गुंफूनच पाठवतात, म्हणून बिनदिक्कत दहाने भागावं. १५० मेगाबाइट.