पडद्यावरचे पट्टे कुठून येतात?

चित्रफितीत हळूहळू बदलणाऱ्या छटांच्या जागी कधी कधी पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. त्यांचे मूळ रंगांच्या हिशेबात आहे. व्हिडिओच्या फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे रंग बहुधा साठवलेले नसतातच. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल मात्र याच तीन रंगांनी उजळतो. म्हणजे फाइलमधले आकडे पडद्याला समजतील अशा आकड्यांत बदलण्याचे काम प्लेअरला चित्र दाखवता दाखवताच करावे लागते. १९२० × १०८० आकाराची आणि सेकंदाला २४ चौकटींची चित्रफीत असेल, तर हा हिशेब दर सेकंदाला सुमारे पाच कोटी पिक्सेलांचा होतो.

फाइलमध्ये असतो एक ल्यूमा, म्हणजे उजेडाची पातळी, आणि दोन क्रोमा. रंग निळ्याकडे आणि लालकडे किती झुकला आहे हे क्रोमा सांगतात. ही मांडणी रंगीत दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातली. अमेरिकेत १९५३ मध्ये मंजूर झालेल्या एनटीएससी पद्धतीत घरोघरचे कृष्णधवल संच निकामी न करता रंग पाठवायचे होते, म्हणून उजेड वेगळा ठेवला आणि रंगाची माहिती त्याला जोडली. पुढे या वेगळेपणाचा आणखी एक फायदा झाला. उजेडातले बारकावे आपल्या डोळ्याला जितके स्पष्ट दिसतात तितके रंगातले दिसत नाहीत. म्हणून बहुतेक चित्रफितींत चार पिक्सेलांच्या चौकोनाला चार ल्यूमा असतात, पण प्रत्येक क्रोमा एकच. तेवढ्यानेच माहिती निम्म्यावर येते.

प्लेअरमधला फिल्टर, म्हणजे चित्राच्या आकड्यांवर प्रक्रिया करणारा भाग, आधी ९६० × ५४० चा क्रोमा ताणून पूर्ण आकाराचा करतो, मग ठरलेल्या गुणकांनी लाल, हिरवा, निळा काढतो. हे गुणक सगळीकडे सारखे नाहीत. जुन्या, कमी रिझोल्यूशनच्या चित्रफितींसाठीच्या बीटी.६०१ या मानकात ल्यूमामध्ये हिरव्याचा वाटा ०.५८७ आहे, तर एचडीसाठीच्या बीटी.७०९ मध्ये ०.७१५२. चुकीचे मानक लागले की त्वचेचा आणि पानांचा रंग सरकतो. राखाडी भाग मात्र जसेच्या तसे राहतात, त्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही.

खरी गोम पुढे आहे. आठ बिटांत ० ते २५५ अशा २५६ पातळ्या मावतात, पण व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरण्याची पद्धत आहे. पडद्यासाठी हा टप्पा ० ते २५५ वर ताणावा लागतो, म्हणजे पातळीतून १६ वजा करून उरलेल्याला सुमारे १.१६४ ने गुणावे लागते. १९ ची पातळी ३.४९ वर येते, २० ची ४.६६ वर. पडद्याला पूर्णांकच हवेत. मग ३.४९ चे ३ होतात, ४.६६ चे ५, आणि ४ ही पातळी वापरलीच जात नाही. निव्वळ राखाडी छटांत अशा ३६ पातळ्या रिकाम्या राहतात.

एका पातळीचा फरक तो काय, असे वाटेल. पण मावळतीचे आकाश किंवा धुक्यातला दिवा अशा दृश्यांत छटा फार हळू बदलते. तिथे शेजारचे हजारो पिक्सेल एकाच दिशेने चुकतात आणि मग पुढच्या हजारोंसाठी चूक एकदम उलटते. जिथे ती उलटते तिथे कड तयार होते. अशा कडांमधले भाग म्हणजेच ते पट्टे, आणि कडा ठळक करून दाखवणे हा आपल्या दृष्टीचा स्वभावच आहे. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये हा परिणाम नोंदवला होता.

यावरचा उपाय मला प्रतिमाशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो: पूर्णांक करण्याआधी मुद्दाम थोडा नॉइज, म्हणजे आकड्यांत अनियमित चढउतार, मिसळायचा. यालाच डिदरिंग म्हणतात. ४.६६ किमतीच्या १०० पिक्सेलांपैकी साधारण ६६ जणांना ५ मिळतात, उरलेल्यांना ४. एकटा पिक्सेल चुकीचाच असतो, पण जवळपासच्या पिक्सेलांची सरासरी ४.६६ येते, आणि डोळा नेमकी ती सरासरी पाहतो. चूक नाहीशी होत नाही, पण तिला आकार उरत नाही. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चित्रांसाठी ही वाट दाखवली; पुढे अर्पानेट हे इंटरनेटचे पूर्वरूप उभारणारे ते हेच.

नॉइज कसा मिसळायचा, याच्या पद्धती अनेक आहेत. आकड्यांची ठरावीक जाळी वापरली तर काम वेगाने होते, पण नक्षी दिसू शकते. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुईस स्टाइनबर्ग यांच्या १९७६ च्या पद्धतीत एका पिक्सेलची चूक शेजाऱ्यांना वाटून दिली जाते: उजवीकडे ७/१६, खालच्या तिघांना ३/१६, ५/१६ आणि १/१६. निकाल देखणा, पण प्रत्येक पिक्सेल आधीच्यांवर अवलंबून राहत असल्याने ग्राफिक्स कार्डाला हे काम समांतर करणे जड जाते. ‘ब्लू नॉइज’ची आधी तयार केलेली जाळी हा यातला चांगला मध्यममार्ग आहे: तिचे ठिपके इतके बारीक विखुरलेले असतात की डोळ्याला ते सहसा जाणवत नाहीत.

डिदरिंग शेवटी आणि एकदाच व्हावे. आकार बदलणे, रंग बदलणे, पट्टे पुसणे ही सगळी कामे १६ बिटांत किंवा अपूर्णांकांतच चालू द्यायची. मधल्या एखाद्या फिल्टरने आकडे आठ बिटांत कोंबले, तर पट्टे तिथेच पक्के होतात. नंतर मिसळलेला नॉइज ते फार तर झाकू शकतो. पट्टे पुसणाऱ्या फिल्टरलाही हेच लागू आहे. त्याने मोठ्या कष्टाने तयार केलेल्या मधल्या छटा डिदरिंगविना आठ बिटांत उतरवल्या, तर पट्टे परत येतात.

चित्रफीत पुन्हा एन्कोड करायची, म्हणजे नव्याने दाबून फाइलमध्ये साठवायची असेल, तर गणित बदलते. कॉम्प्रेशनला बारीक नॉइज म्हणजे टाकाऊ तपशील वाटतो, आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायची माहिती, कमी असला की तो आधी जातो. म्हणून साठवताना १० बिट वापरावेत. तिथे १०२४ पातळ्या असतात, आणि डिदरिंग पाहतेवेळी प्लेअरवर सोपवता येते.