वेद तोंडी होते म्हणून बदलत गेले?

"लिहून ठेवलंच नव्हतं, मग कानगोष्टींच्या खेळासारखं दर पिढीत काहीतरी बदललंच असणार." पुण्यात वेदांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. कानगोष्टीत एकदाच कुजबुजतात. वेदपाठात गुरुजी स्वरांसकट म्हणतात, शिष्य मोठ्याने परत म्हणतो आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

शिवाय तेच शब्द उलटसुलट क्रमानेही पाठ करतात. जटापाठात ऋग्वेदाची सुरुवात, संधी सोडवून, अशी होते: अग्निम् ईळे, ईळे अग्निम्, अग्निम् ईळे. मग ईळे पुरोहितम्, पुरोहितम् ईळे, ईळे पुरोहितम्. एक शब्द गळला तर पुढचं म्हणताच येत नाही. इतकी काटेकोर तपासणी पोथी उतरवणाऱ्या लेखनिकावर कुठे होती?

भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' (जगाची स्मृती) या नोंदवहीत नोंद केली. त्यातलं सर्वांत जुनं १४६४ चं. त्याआधीची दोन हजारांहून अधिक वर्षं मुख्य भिस्त पाठांतरावरच होती.

अर्थात सगळंच टिकलं नाही. व्याकरणकार पतंजलींनी ऋग्वेदाच्या २१ शाखा, म्हणजे पाठाच्या वेगवेगळ्या परंपरा, सांगितल्या आहेत. आज पठणात मुख्यतः शाकल शाखा आहे. जिथे शिष्य मिळाले नाहीत, तिथे शाखाच्या शाखा गेल्या.